चाळीस आकडे

मी विज्ञान संग्रहालयातली घंटा बोलतेय. देवळातली नव्हे, शाळेतलीही नव्हे. काचेच्या हंडीत टांगलेली, विजेवर वाजणारी, तळहाताएवढी. माझं काम जगावेगळं: दिवसातून चार वेळा लोकांसमोर वाजायचं आणि वाजता वाजता मुकं व्हायचं.

पंप हंडीतली हवा ओढून घ्यायचा. मग टोले पडताना दिसत, पण आवाज नाही. हवा नाही तर आवाज नाही, एवढं साधं शास्त्र. तरी भलेभले आ वासून बघत. प्रयोग दाखवायचे आमचे मास्तर, पंप चालवायच्या ताई. आवाज विरला की मास्तर हात वर करायचे. एकवीस वर्षं तो हात कधी चुकला नाही.

मग मास्तरांचे कान गेले. सकाळी काच पुसताना ते माझ्याशी पुटपुटत, "कुणाला कळलं तर मला लोकांच्या बॅगा सांभाळायला बॅगांच्या खोलीत बसवतील गं. तिथे मी जगायचो नाही." माझा जीव तुटायचा, पण मी पडले घंटा.

त्यांनी युक्ती काढली. पंप सुरू झाला की ओठांतल्या ओठांत चाळीस आकडे मोजायचे आणि हात वर करायचा. दोन वर्षं निभावलं. पण हंडीखालचं रबर झिजलं, हवा आत शिरू लागली. एके दिवशी चाळीस आकडे झाले, मास्तरांनी हात वर केला, "बघा, किती शांत." आणि मी आपली ठणठण वाजतेय.

कानाला मशीन लावलेले एक आजोबा उठले. "अहो मास्तर, ऐकू येतंय की अजून. मलासुद्धा!"

सगळे हसले. मास्तरांना शब्द कळले नाहीत, चेहरे कळले. त्यांचा हात हवेतच राहिला.

लोक गेल्यावर ताई त्यांच्यासमोर उभ्या राहून सावकाश बोलल्या. "तुम्ही मोजता हे मला ठाऊक होतं. रबराचं मी सांगायला हवं होतं, माझं चुकलं. पुढच्या वेळी मी खूण करते." मास्तरांनी मान हलवून नको म्हटलं.

पुढच्या प्रयोगाला ते आजोबा मुद्दाम पुन्हा बसले होते. नवं रबर बसवलेलं होतं. मास्तर म्हणाले, "मला ऐकू येत नाही. घंटा ऐकू येईनाशी झाली की तुम्ही हात वर करा. लबाडी नको."

इतके कान लावून मला कुणी कधी ऐकलं नव्हतं. एकेक हात वर गेला. शेवटचा आजोबांचा, मशीनचा आवाज वाढवून पाहिल्यावर. तेव्हा मास्तरांनी हंडीखालच्या माझ्या लाकडी बैठकीवर तळवा टेकला. तिथे माझी थरथर पोचत होती.

"वाजतेय अजून," ते म्हणाले. "मला कळतंय."

मास्तरांना बॅगांच्या खोलीत कुणी बसवलं नाही. निवृत्तीच्या दिवसापर्यंत मास्तर त्याच टेबलाशी उभे राहिले. गेल्या वर्षी ते वारले.

आता प्रयोग ताई दाखवतात. लोक हात वर करतात, टाळ्या वाजवतात आणि पुढच्या दालनात जातात. तुम्ही आलात तर एवढंच करा: हात खाली आणलात की क्षणभर माझ्या बैठकीवर टेकवा. मी वाजतच असते.