बाबांची काळी पाच

माझ्या सख्ख्या भावाचे वरचे चार दात मी पाडले. पोलिसांच्या कागदावर वेगळं लिहिलंय, पण इथे खोटं सांगून मला काय मिळणार आहे?

आमच्या क्रास्लित्से गावात घरटी एक जण तरी पितळ ठोकून पोट भरतो. बाबा दिवसभर कारखान्यात ट्यूबांचे, म्हणजे धिप्पाड पितळी तुताऱ्यांचे, कर्णे ठोकायचे आणि संध्याकाळी घरी येऊन आम्हाला. विनोद म्हणून सांगत नाही. आठ तास पितळेवर चाललेला हात घरी आल्यावरही थांबायचा नाही. आईचं मनगट दोनदा मोडलं. धाकट्या झ्बिनेकला एकदा पट्ट्याने असा झोडपला, की तो आठवडाभर पोटावर झोपत होता आणि सूप उभ्याने पीत होता. तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी अकरा.

सुटका फक्त एक तास. जेवण झालं की बाबा त्यांचा काळी पाच पट्टीचा ट्यूबा मांडीवर घ्यायचे. घरात जुने ट्यूबा चार होते: पांढरी चारचा, काळी दोनचा, पांढरी एकचा आणि हा, सगळ्यांत थोराड. बंद पडलेल्या खाणीच्या बँडकडून त्यांनी तो तरुणपणी मिळवला होता. “कारखान्यातून निघाला तसा आहे. काळी पाचचाच जन्मलाय,” असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. त्याचा खर्ज लागला की फरशी थरथरायची, आणि मी नि झ्बिनेक टेबलाखाली बसून सुटकेचा श्वास टाकायचो. कारण ट्यूबा धरायला दोन्ही हात लागतात. त्या सुरात आम्ही कधी मार खाल्ला नाही. जगात मला दुसरा कुठलाही आवाज इतका प्रिय नाही, आणि हे सांगायची मला लाज वाटत नाही.

बाबांच्या शेवटच्या वर्षी म्हाताऱ्याने तोच ट्यूबा जिन्यावरून माझ्या अंगावर फेकला. गुलाशचा रस्सा खारट झाला होता म्हणून. माझं खांद्याजवळचं हाड मोडलं, ट्यूबाचा कर्णा चेपला, खालचं वळण पापडासारखं सपाट झालं. तीन महिन्यांनी म्हातारा गेला. झ्बिनेक प्लझेनच्या ऑपेरात ट्यूबा वाजवायचा, म्हणून दोन्ही पांढऱ्या पट्ट्यांचे ट्यूबा त्याला गेले आणि काळ्यांचे मला.

जुनी वाद्यं दुरुस्त करणं हाच माझा धंदा. पण वळणातले पोचे काढायचे तर पोलादी दांडा टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात, व्हाइसमध्ये, आवळायचा, त्याच्या टोकाला गोळा बसवायचा आणि ट्यूबाचं अख्खं धूड त्यावर चढवून आतून रेटत राहायचं. माझा खांदा त्या कामाचा राहिला नव्हता.

“दे इकडे, मी करतो,” झ्बिनेक म्हणाला. “तुझ्या पन्नाशीला आणून देतो.”

“पोचे काढ, डाख लाव, लख्ख कर नाहीतर कळकट ठेव,” मी म्हटलं. “पण नळीला करवत लावायची नाही. मला तोच सूर हवा.”

“बरं बाबा, बरं.”

करवतीचं मी उगाच म्हटलं नव्हतं. हल्ली वाद्यवृंदांना पांढरी एक लागते. मग लोक जुना काळी पाचचा धरतात, त्याची दोनेक फूट नळी कापतात आणि सूर एका स्वराने वर चढवतात. एकदा कापला की तो ट्यूबा गेला. पोटासाठी असे दोन मी स्वतः कापलेत. खाटिकाचं काम आहे ते.

पन्नाशीच्या शनिवारी भर दुपारी झ्बिनेक आणि त्याची बायको द्राहोमिरा आले. तिने उकडलेले कणकेचे गोळे आणि भाजलेलं डुकराचं मांस आणलं होतं. कार्यशाळेतच बिअरचे मग भरले. झ्बिनेकने घोंगडी सोडली आणि ट्यूबा माझ्या मांडीवर ठेवला. एकही पोचा नाही. वळण असं गोल, की हात फिरवताना माझे डोळे भरून आले. मी एकही खटका न दाबता नुसता मूळ सूर फुंकला.

पांढरी एक वाजली.

पुन्हा फुंकलं. पुन्हा पांढरी एक.

“कापलास?”

“दादा, आधी ऐकून घे...”

“कापलास की नाही, तेवढं बोल!”

“अरे, हा काळी पाचचा नव्हताच मुळात. बाबांनी आपल्याला चक्क गंडवलं. आणि अजून एक...”

तो हसत होता. आयुष्यात मला मिळालेला एकमेव शांत तास याने दोन फुटांनी कापला होता आणि वर दात दाखवत होता. हाताशी पोचे ठोकायची लाकडी मोगरी होती. मांडीवरचा ट्यूबा खाली सरकवला आणि ती मी त्या दातांवरच हाणली.

तो पाठीमागे टेबलावर आदळला. तोंडातून आवाज नाही, नुसतं रक्त. मी दुसरा घाव घातला, तो त्याने हातावर झेलला आणि त्याचं बोट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग तो चवताळला. डोक्याने माझ्या छातीवर धडक दिली, मोडून जुळलेल्या हाडावर गुडघा रोवला. मी बोंबललो, पण मोगरी सोडली नाही. त्याची मान धरून मी त्याचं तोंड व्हाइसवर आपटलं. एकदा. परत. तिसऱ्यांदा उचललं, तेवढ्यात द्राहोमिराने बिअरचा मग माझ्या डोक्यात घातला.

मी खाली बसलो. कपाळावरून रक्त आणि बिअर मिळून डोळ्यांत उतरत होतं. तिने गाडीतून एक गाठोडं आणलं आणि माझ्या पायांवर फेकलं.

“बघा भाऊजी, डोळे फुटले नसतील तर बघा! वर्षभर एक रविवार घरी बसला नाही हा माणूस तुमच्यासाठी!”

गाठोड्यात दोन फुटांची एक जुनी नळी होती आणि बोटभर लांबीचे चार छोटे तुकडे, चार खटक्यांच्या नळ्यांना जोडायचे. कडांवर डाखाचे जाड, ओबडधोबड थर. तो डाख मी अंधारातही ओळखला असता. बाबांचा होता. आजवर मी तो जुन्या दुरुस्तीचा समजत आलो होतो. ट्यूबाच्या सांध्यावर, जिथून ही नळी निघाली होती, तिथे बनवणाऱ्याची मूळ कडी होती, तिच्यावर कारखान्याचा आकडा कोरलेला. करवतीचा एक ओरखडा नव्हता. ट्यूबा पांढरी एकचाच जन्मला होता. बाबांना खटक्यांवरची बोटं फक्त काळी पाचची येत होती, म्हणून त्यांनी जोड लावून तो खाली उतरवला आणि जन्मभर आमच्याशी खोटं बोलले.

आणि झ्बिनेकने प्रत्येक तुकड्याला नवी आट्यांची कडी बसवली होती.

“दहा मिनिटांत फिरवून बसतं,” द्राहोमिरा रडत म्हणाली. “पाहिजे तेव्हा तुमच्या बाबांचा, पाहिजे तेव्हा मूळचा. दोन्ही मिळावं तुम्हाला, म्हणून. तो तेच सांगत होता.”

झ्बिनेक फरशीवर एका कुशीवर पडून स्वतःचे दात गोळा करत होता.

दवाखान्यात पोलीस आले, तेव्हा त्याने सुजलेल्या तोंडाने सांगितलं, जिन्यावरून पडलो. आमच्या घरात सगळे जिन्यावरूनच पडत आले आहेत. टाके निघाले, बोट जुळलं, कवळी बसली. पण ट्यूबा वाजवणाऱ्याचे ओठ दातांच्या आधाराने उभे राहतात, आणि कवळी फुंकेबरोबर हलते. नुसती वाफ गेल्यासारखा फुस्स आवाज यायचा. हिवाळ्याच्या आत ऑपेराने त्याच्या जागी दुसरा घेतला.

ते तुकडे मी बसवले. खरंच दहा मिनिटं लागली. फुंकल्यावर तोच खर्ज लागला, फरशी तशीच थरथरली. पण आता त्या सुरात कोणीतरी मार खातंय, आणि मारणारा मी आहे. मी ट्यूबा खाली ठेवला तो ठेवलाच.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी झ्बिनेक दारात उभा राहिला. शब्द अजून बोबडे निघत होते.

“दादा, काम आहे का? हात शाबूत आहेत माझे.”

माझ्याने राहवलं नाही. पोलादी हातोडा त्याच्या हातात कोंबला आणि त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसलो. पन्नाशीचा बाप्या, पोरासारखा रडत.

“मार मला. तोंडावर मार. तुझी शपथ, हूं की चूं करणार नाही.”

त्याने हातोडा तोलून पाहिला. बराच वेळ माझ्या दातांकडे बघत राहिला.

“मारलं तर तुला बरं वाटेल ना रे?”

“हो.”

“मग नाही मारत,” तो म्हणाला, आणि कोट खुंटीला अडकवून टेबलापाशी बसला.

तेव्हापासून तो दर शनिवारी येतो. एकाच टेबलावर आम्ही परगावचे चेपलेले ट्यूबा सरळ करतो. बोलणं म्हणाल तर “कानस दे”, “गॅस बारीक कर”, एवढंच. त्याचा हात हातोड्याकडे गेला की माझे डोळे आपोआप मिटतात. त्याला ते ठाऊक आहे, म्हणून तो उचलताना मुद्दाम वेळ लावतो, आणि मग पितळ ठोकायला लागतो.