सुभान नालबंदाची पट्टी

सकाळी दहाच्या सुमारास हौसराव आप्पांची जीप सुभान नालबंदाच्या दारात थांबली आणि सुभानला खाली उतरवण्याआधी त्याच्या गळ्यात हार घातला गेला. हार ओला होता. त्याचं पाणी सदऱ्यावरून ओघळून पोटावरच्या पट्टीत मुरलं.

साल १९६२, उन्हाळ्याचे शेवटचे दिवस. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आली होती आणि तळेगाव ढमढेऱ्याच्या भागातून हौसराव आप्पा उभे होते. सुभानचं पोट फाटलं होतं ते त्यांच्याच बैलाच्या शिंगानं. नाल ठोकायला बैल आडवा पाडला होता, पाय बांधले होते. मुंडी दाबून धरायचं काम आप्पांचा गडी संपत याच्याकडे होतं. तेवढ्यात मळ्यात कोणी मोठी माणसं आली आणि संपत मुंडी सोडून त्यांना रामराम करायला उठला. बैलानं मान झाडली. शिंग बेंबीच्या डाव्या बाजूनं आत गेलं.

आप्पांनी लगेच जीप काढून सुभानला दौंडला नेलं, हे खरं आहे. तिथं स्टेशनपलीकडे एका ट्रस्टचा लहान दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरनं आतडं शिवलं आणि सुभान वाचला. त्याला घरी आणायचा दिवस मात्र डॉक्टरनं ठरवला नाही, आप्पांनी ठरवला. तो तळेगावच्या बाजाराचा दिवस होता. डॉक्टर म्हणत होता, अजून आठवडाभर राहू द्या. आप्पा म्हणाले, "घरी काय कमी हाय? आमी हाय की समदी."

निघताना नर्स म्हाळसाबाईंनी सुभानच्या बायकोला, अकिलाला, बाजूला घेतलं.

"जखमेच्या खालच्या टोकाला भोक ठेवलंय, घाण बाहेर यावी म्हणून. ते आतून भरत येईल. तुमच्या गावचा कंपाउंडर रोज पट्टी बदलेल. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. कोणाला उघडून दाखवायची नाही."

"सासूनं म्हटलं तर?"

"सासूलासुद्धा नाही."

"मग तुम्हीच येऊन सांगा बाई. माझं त्या घरात मांजर बी ऐकत न्हाई."

घरी आल्यावर सुभानची खाट आत गेलीच नाही. आप्पांच्या सांगण्यावरून ती ओट्यावर ठेवली गेली, म्हणजे बाजाराला येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल. आजाऱ्याला भेटून यायची रीत सगळीकडे आहे, त्यामुळे कोणाला बोलवावं लागलं नाही. सुभानची आई रोशनबी चहाचं आधण उतरवायची नि दुसरं ठेवायची. तिच्या दारात इतकी माणसं लेकाच्या लग्नातही आली नव्हती.

"सदरा वर कर रं सुभान," आप्पा म्हणाले. "बघू दे लोकांस्नी." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं पट्टीची गाठ सोडली.

मग ती गाठ दिवसभर सुटत राहिली. तंबाखू मळता मळता माणसं वाकून टाके बघत. एकानं बोट पुढं करून टाके मोजले. दुसऱ्यानं भोकातून आतडं दिसतं का म्हणून विचारलं, आणि दिसत नाही म्हटल्यावर तो नाराज झाला. ओट्याच्या कडेला पिंका साचल्या. त्यांवरच्या माश्या उठून जखमेवर बसत, जखमेवरच्या उठून चहाच्या कपांवर बसत. कप कोणी नाकारला नाही.

सुभानलाही हे आवडत होतं. त्याच्या दारात लोक आजवर बैलासाठी येत, त्याच्यासाठी कोणी येत नसे. आता गावची वजनदार माणसं त्याच्या खाटेवर टेकत होती.

"मेलो व्हतो मी," तो सांगायचा. "आतडं हातात धरून बसलो व्हतो. आप्पा देवावानी आलं."

पहिल्या दिवशी तो आप्पांचा बैल म्हणायचा. दुसऱ्या दिवशी नुसता बैल झाला. पुढं तो बैल मोकाट होता असं ठरलं, आणि ते सांगताना सुभान आप्पांच्या तोंडाकडे बघायचा.

"ती जखम हाय, उरूस न्हाई," अकिला त्याला म्हणाली.

"आप्पांचा मान ठेवाय नको? तू आपली चूल बघ."

कंपाउंडर सकाळी पट्टी बांधून जाई आणि दुपारपर्यंत ती काळी पडे. "मी बांधायची, तुम्ही सोडायची. मला काय पोरखेळ लावलाय?" असं म्हणून त्यानं येणं बंद केलं. सुभानच्या अंगात ताप भरला. खाटेजवळ वास येऊ लागला. माणसं आता नाकाला पदर आणि उपरणं लावून बघत, पण बघत.

तेव्हा अकिलानं दाभण घेतला. जुनं जाड कापड उकळून वाळवलं, त्याची पट्टी सुभानच्या पोटाभोवती गुंडाळली आणि पाठीपर्यंत टाके घालून ती शिवून टाकली.

रोशनबीनं कपाळावर हात मारला. "नवऱ्याला गोणीवानी शिवलंस?"

"गोणी तरी कोण उघडून बघत न्हाई, अम्मा."

सकाळी ती टाके उसवी, उकळलेल्या पाण्यानं जखम धुई आणि पुन्हा शिवी. बघायला आलेली माणसं दोरा बघून हसत आणि जात. एकानं तर विचारलं, "सुभान्या, नाल बी ठोकलीय का तिनं?" सुभानला राग आला, पण उठून बसायची ताकद नव्हती. हळूहळू वास कमी झाला. ताप उतरला. एक दिवस त्यानं भाताची पेज मागून घेतली.

त्याच आठवड्यात आप्पा जिल्ह्याच्या एका पुढाऱ्याला घेऊन आले. बरोबर पाच-पंचवीस माणसं, आणि संपत.

"हाच तो," आप्पा म्हणाले. "दाखव रं साहेबांना."

"आप्पा, शिवलीय हिनं."

माणसं हसली. अकिला दारातून पुढं आली. "दवाखान्यानं सांगितलंय, उघडायची न्हाई."

"आन् दवाखान्यात नेलं कुणी, पोरी?"

"बैल कुणाचा व्हता, आप्पा?"

सुभाननं डोळे मिटले. पुढाऱ्यानं घड्याळात पाहिलं. आप्पा हसत हसतच वळले आणि म्हणाले, "संपत, काप ते."

खूर तासायची सुरी ओट्याच्या लाकडी मेढीला टांगलेली होती. सुभानचीच. तिच्या पात्यावर शेण आणि खुराचा भुगा वाळून बसला होता. संपतनं ती धोतराला पुसली आणि पट्टीत घातली. अकिलानं त्याचा हात धरला; दोघा जणांनी तिला बाजूला केलं. कापड जाड होतं, जोर लागला. टोक खाली भोकाच्या काठाला गेलं आणि थोडं रक्त आलं. सुभाननं दात आवळले.

पुढारी नाकाला लावलेल्या रुमालातून म्हणाला, "फार मोठं काम केलंत, हौसराव." कोणीतरी टाळ्या वाजवल्या. संपतनं सुरी परत मेढीला टांगली.

मतदानाच्या दिवशी सकाळी सुभानला पेज पिता येईना. तोंड उघडत नव्हतं. रोशनबी म्हणाली वारं लागलं, आणि मिठाची पुरचुंडी शेकायला घेतली. मान मागं वळायला लागली तशी अकिला आप्पांच्या मळ्यावर पळाली. जीप मतदार आणायला चालली होती.

"सांजच्याला मतदान संपतं," संपत म्हणाला. "मग बघू."

"तंवर तो ऱ्हाईल का?"

"आता ते मी कसं सांगू?"

भाजीच्या ट्रकवाल्यानं दोघांना न्हावऱ्याच्या रस्त्यानं दौंडला सोडलं. प्रत्येक खड्ड्याला सुभानचं अंग धनुष्यासारखं ताठत होतं. दवाखान्याच्या दारात म्हाळसाबाईंनी पट्टी बघितली.

"कोणी कापलं हे?"

अकिलानं नाव सांगितलं.

"कशानं?"

"खूर तासायच्या सुरीनं."

म्हाळसाबाईंनी सुभानला कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं, खिडक्यांना घोंगड्या लावल्या. उजेड किंवा आवाज झाला की झटका येत होता. धनुर्वाताचं औषध दवाखान्यात नव्हतं. डॉक्टरनं पुण्याला निरोप दिला आणि मिळेल त्या गाडीनं ते पाठवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शिरूरला मोजणी सुरू झाली. दुपारी संपत दौंडला आला. त्याच्या हातात हार होता. आप्पा पुढं आहेत, निकाल लागला की ते स्वतः सुभानला भेटायला येतील, बरोबर माणसंही असतील, असा निरोप त्यानं व्हरांड्यात मोठ्यानं सांगितला. आतून सुभानच्या खाटेचा लोखंडी आवाज आला. म्हाळसाबाईंनी बाहेर येऊन दार लावून घेतलं. अकिला उंबऱ्यावर बसली आणि उठली नाही.

गावाला शेवटचं कळलं तेव्हा औषध आणणारी पुण्याची गाडी अजून यायची होती, सुभानचे दात मिटलेलेच होते आणि संपत हार घेऊन व्हरांड्यात उभा होता.