उलगडलेली बसकरपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी बसकरपट्टी आहे. तागाची, निळ्या काठाची. एकोणीसशे अठ्ठावन्न साली एसटीच्या टपावर बसून मी लोणावळ्याजवळच्या एका शाळेत आले. नवी पट्टी आली म्हणून पोरांनी माझ्यावर कोलांट्या मारल्या. माझा तोरा काय विचारता!

रोज सकाळी मला भिंतीलगत पसरत, पण पूर्ण नाही. शेवटचा भाग गुंडाळूनच ठेवत. दुकानदारांची, नोकरदारांची मुलं माझ्यावर बसत आणि गुंडाळीपलीकडे, नुसत्या फरशीवर, डोंगरवाडीची मुलं. कोणी कोणाला दटावत नसे. सगळं कसं शिस्तीत चाले. मला वाटे, माझी लांबीच तेवढी असावी.

वाडीची हिरी मोठी चुणचुणीत. पावसाळ्यात फरशीला ओल आली तरी शाळा चुकवत नसे. एक दिवस तिचे वडील, नवशाभाऊ, दाराबाहेर येऊन उभे राहिले.

"बाई, हिरीचं नाव काढून टाका. वल्यात बसून पोर खोकून बेजार झाली. आता न्हाई धाडत."

अरुंधतीबाई तळेगावहून नुकत्याच बदलून आल्या होत्या. त्यांनी हिरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गुरुजी, ही पट्टी पूर्ण का पसरत नाही?"

"पहिल्यापासून अशीच असते," हेडमास्तर गोपाळकृष्ण गुरुजी म्हणाले. "नाहीतर पालक तक्रार करतील."

"करू देत. मी बोलेन त्यांच्याशी."

बाईंनी मला हात लावला आणि मी उलगडत गेले, उलगडतच गेले, थेट समोरच्या भिंतीपर्यंत. एवढी मोठी मी? सगळा वर्ग बसून उरेल एवढी? माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

हिरी मात्र कडेलाच उकिडवी राहिली. पाय माझ्यावर पडू नयेत म्हणून तिने बोटं आखडून घेतली होती. तेव्हा बाई स्वतः तिच्या शेजारी मांडी घालून बसल्या.

"आजपासून एकच नियम. जो आधी येईल तो पुढे बसेल. जात, आडनाव, वाडी, काही विचारायचं नाही."

दुसऱ्या दिवशी कितीतरी पालकांनी मुलं घरी ठेवली. हिरी मात्र सगळ्यांच्या आधी आली आणि थेट पुढे, टेबलाशी बसली. मागोमाग नवशाभाऊ आले.

"आमच्यापायी शाळा वस पडंल, बाई. हिला नेतो."

"आधी आत या, नवशाभाऊ. इथे हात ठेवून बघा."

त्या माणसाने कधी शाळेचा उंबरा ओलांडला नव्हता. ते आत आले, वाकले आणि माझ्यावर तळवा टेकला. किती वेळ तसेच होते. माझा धागा न् धागा शहारला.

"कोरडी हाय," ते हळूच म्हणाले आणि एकटेच घरी गेले.

पुढे बाई घरोघर जाऊन बोलल्या, तसे रुसलेले पालकही निवळले, मुलं परतली. आता मी विरले आहे. कोणी झटकून ऊन दाखवलं तर बरं वाटतं. पण मित्रांनो, माझी खरी निगा राखायची असेल, तर आज वर्गात असा किंवा मोठेपणी कचेरीत, शेजारी कोणी अवघडून उभं दिसलं की थोडं सरकून बसा.