फ्रॉकच्या आतला खिसा

मित्रांनो, मी एक जुना लोहचुंबक आहे. शिंप्याच्या दुकानात खिळ्याला टांगलेला असतो, पण सांडलेल्या टाचण्या वेचणं हे काही माझं काम नव्हे. माझं काम शिंप्याच्या मुलीसाठी आहे. तिला सगळे ठकी म्हणतात.

ठकीच्या जनुकांत जन्मापासून एक दुर्मीळ दोष आहे. तिला दिवसाला दहा-बारा फिट्स यायच्या. औषधांनी हात टेकले, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या छातीत, कातडीखाली एक छोटं यंत्र बसवलं. ते मानेतल्या नसेला थोड्या थोड्या वेळाने हलका झटका देतं आणि फिट्स आवरतात. तरीही फिट आलीच, तर मला यंत्रावरून एकदा फिरवायचं, की ते एक जादा झटका देतं.

"चुंबक कायम तिच्याजवळ ठेवा," नर्सताई म्हणाल्या. त्यापुढचं ठकीच्या रडण्यात बुडून गेलं. पुन्हा विचारायला बापाला संकोच वाटला.

वर्षभरात फिट्स दोनवर आल्या. ठकी दुकानात बसून बटणं निवडू लागली. बापाला एकेक देताना "घे" म्हणू लागली. तो तिचा पहिला शब्द. येईल त्या गिऱ्हाइकाला बाप तो ऐकवायचा.

त्याच आनंदात त्याने तिच्या सगळ्या फ्रॉकना आतून, नेमका यंत्रावर, खिसा शिवला आणि मला त्यात ठेवलं. काय सुरेख शिवण होती! मीही फुशारलो. पण मित्रांनो, मी यंत्रावर असेपर्यंत ते बंद राहतं. मला हे ठाऊक होतं, सांगायला तोंड नव्हतं.

दिवसाच्या फिट्स वाढत गेल्या, ठकीचं "घे" म्हणणंही बंद पडलं. मी पडू नये म्हणून बापाने खिशाला बटणही लावलं.

तीन आठवड्यांनी तपासणीच्या वेळी नर्सताईंनी फ्रॉक उलटला.

"हा खिसा कुणी शिवला?"

"मी," बाप अभिमानाने म्हणाला.

नर्सताईंनी हळू आवाजात सगळं समजावलं. बापाने तिथेच कात्री मागून घेतली आणि टाके उसवले.

फिट्स पुन्हा कमी झाल्या. शब्द मात्र परतला नाही. म्हणून सांगतो मित्रांनो, कुणाची काळजी घ्यायची असेल तर पुन्हा विचारायला लाजू नका.

आजही ठकी बटण पुढे करते. बाप ते लगेच घेत नाही. हात पसरून, तिच्या ओठांकडे बघत थांबतो.