मागे वळलेली रेंगी

मित्रांनो, माझ्यावर सध्या कोंबड्या झोपतात, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी थोडी मिरवले तर तुम्ही समजून घ्याल. मी एक जुनी रेंगी आहे. रेंगी म्हणजे माणसांना बसायची हलकी, देखणी बैलगाडी. धानाची पोती आणि शेणखत वाहते ती बंडी. आम्ही दोघी एकाच गोठ्यात राहिलो, पण मी तिच्याशी कधी फारशी बोलले नाही. नाकाचा शेंडा जरा वरच होता माझा.

एटापल्लीच्या वाटेवर, जंगलाला लागून आमचं गाव. माझे मालक सोमाजी, त्यांनी लटारू सुताराकडून मला सागवानाची घडवून घेतली. सोमाजींच्या वस्तीत तोवर कुणाची नवरी गाडीत बसून आली नव्हती. गावात रेंग्या होत्या, पण या वस्तीला त्या कुणी देत नसे. वस्तीनं धम्म स्वीकारला, त्यानंतर काही वर्षांनी सोमाजींनी मनावर घेतलं आणि मी झाले. माझ्या चाकांवर लोखंडी धाव चढली, तेव्हा म्हातारा लहान पोरासारखा हसत होता.

त्यांनी माझ्यासाठी दोन नियम केले. मला लग्नकार्यालाच जुंपायचं, हा पहिला. आणि एकदा गावाच्या शिवेबाहेर पडले की काम झाल्याशिवाय मला मागे वळवायचं नाही, हा दुसरा. मग काही विसरलेलं असो, पाऊस येवो. वस्तीच्या कितीतरी सुना मी आणल्या आणि कितीतरी लेकी पोचवल्या. सोमाजींचा मुलगा लहानू, त्याची बायको बायनाबाईसुद्धा माझ्यातच बसून आली. सोमाजी गेले, पण त्यांचे नियम राहिले.

लहानू आणि बायनाबाईची लेक सत्यशीला. घर दोन खोल्यांचं, त्यात सतत कुणी ना कुणी. म्हणून ती पुस्तक घेऊन माझ्यात येऊन बसायची. शेजारच्या गावच्या हायस्कुलातून जंगलवाटेनं चालत यायची, भाकर खायची आणि थेट माझ्याकडे. इतिहास, भूगोल, विज्ञान सगळं मोठ्यानं वाचायची. मी ऐकून ऐकून निम्मी दहावी शिकले असेन. परीघ आणि त्रिज्या म्हणजे माझीच धाव आणि माझाच आरा, हे कळल्यावर तर मला फारच अभिमान वाटला. गणित मात्र ती हळू आवाजात करायची. कधी करायचीच नाही.

एक्याऐंशी सालचा मार्च आला. दहावीचं केंद्र एटापल्लीला होतं. मावशीकडे राहून परीक्षा द्यायची असं ठरलं आणि लहानू बंडी जुंपायला लागला. बायनाबाई दारात येऊन उभी राहिली. तिनं रेंगी काढायला सांगितली. रेंगी लग्नालाच निघते, असं तो म्हणाला. तेव्हा ती शांतपणे बोलली.

"मले तुमी रेंगीत बसवून आनलं, तवा मले सही बी करता येत नव्हती. ही पोरगी आपल्या अकलेनं चालली आहे. तिले रेंगी नाई, तं कोनाले?"

लहानूनं बंडीचं जू खाली ठेवलं.

माझ्या बैलांच्या घुंगरमाळा वाजल्या आणि वस्तीतल्या बाया सवयीनं बाहेर आल्या. गिरजाबाई सगळ्यांत पुढे. तिनं सत्यशीलाच्या पदरात मुरमुऱ्याचे लाडू घातले आणि गळ्यात पडून रडायलाच लागली. मग बाकीच्याही रडल्या. रेंगीत बसलेल्या लेकीला निरोप द्यायची दुसरी रीत त्यांना ठाऊकच नव्हती. मी परीक्षेला चालले, सासरी नाही, असं सांगता सांगता सत्यशीलालाही रडू आलं.

वाटेत बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे बांबू नेणारे ट्रक धूळ उडवत गेले. लहानू म्हणाला, तू ज्या कागदावर लिहिशील तो आपल्या रानातलाच असेल. त्यावर ती म्हणाली, मग त्यानं गणिताला आपल्या माणसाची थोडी ओळख ठेवावी.

कागदानं ओळख ठेवली नाही. जूनमध्ये निकाल लागला. सत्यशीला गणितात नापास झाली.

मित्रांनो, नापास झालेल्या पोराच्या घरात कुणी मेल्यासारखं का वागतात, ते मला अजून कळलेलं नाही. लोक म्हणाले, रेंगीत मिरवत पाठवली आणि काय आणलं? सत्यशीलानं माझ्यात बसणं सोडलं. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? लहानू वाईट माणूस नव्हता, पण लोकांच्या बोलण्यानं तो खचला. ऑक्टोबरच्या परीक्षेचे फॉर्म भरणं चालू होतं. ती गोष्ट त्यानं काढलीच नाही. तशात नाल्यापलीकडच्या गावातून एक स्थळ आलं. त्यानं माझ्या चाकांना वंगण लावलं. लेकीला घेऊन तो पोरगी दाखवायला निघाला. बायनाबाई दारात उभी होती. या वेळी तिनं रेंगी अडवली नाही.

पाऊस नुकताच सुरू झाला होता. नाल्यात पाणी घोट्याएवढंच, पण खाली चिखल. मधोमध माझं डावं चाक रुतलं. बैलांनी जोर केला तसं ते आणखी खाली गेलं. सत्यशीला उडी मारून उतरली आणि मागून लोटू लागली. लहानूनं तिला थांबवलं.

"तसं नाई. रुतलं चाक पुढं हाकललं का आनखी रुतते. पयले मांगं घ्या लागते."

दोघांनी मिळून मला मागे सारलं. पळसाच्या फांद्या तोडून चाकाच्या वाटेत टाकल्या. मग बैलांना हाक दिली आणि मी अलगद पलीकडच्या वाळूवर चढले. लहानू जागेवर बसायला गेला, तर सत्यशीला बैलांच्या पुढ्यात उभी. कोपरापर्यंत चिखलानं माखलेली.

"बाबा, चाकाले तुमी मांगं घेतलं," ती म्हणाली. "मंग मलेच काऊन पुढं हाकलून राह्यले? मी बी रुतली आहो. एक बार मांगं घेऊ द्या. आक्टोबरात पुन्ना बसू द्या."

लहानूनं नाल्यात जाऊन हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले. मग येऊन बैलांचा कासरा धरला आणि मला गावाकडे वळवायला लागला. मी तर घाबरलेच. सोमाजींचा नियम! मी आजवर अर्ध्या वाटेतून कधी वळले नव्हते. लहानूच्याही मनात तेच असावं.

"बुढा असता," तो हळूच म्हणाला, "तं त्यानंच वळवली असती."

पाहुण्यांना पोरगी अजून शिकते आहे असा निरोप गेला. फॉर्म भरला गेला. आणि सत्यशीला पुन्हा माझ्यात येऊन बसली, पण हातात दहावीचं पुस्तक नव्हतं. सातवीचं होतं. गणिताच्या गुरुजींनी विचारलं होतं, नेमकं कुठपासून समजत नाही? तिनं खरं सांगितलं, अपूर्णांकांपासून. मग तिथूनच सुरुवात झाली. वस्तीतली पोरं हसायची, दहावीवाली सातवीत गेली म्हणायची. ती वर मान करून बघायची आणि पुढचं गणित सोडवायची. धानाच्या रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून आल्यावरही तिनं पुस्तक सोडलं नाही. हळूहळू गणितसुद्धा मोठ्या आवाजात ऐकू यायला लागलं, तेव्हा मला कळलं की चाक निघालं.

ऑक्टोबरात आम्ही पुन्हा निघालो. गिरजाबाई आली, लाडू दिले, पण डोळे कोरडे ठेवले. मागच्या वेळी आम्हीच रडून पोरीचं चित्त ढवळलं, असं ती बायनाबाईला सांगत होती. निकाल आला तो पास असाच. त्या दिवशी मात्र गिरजाबाई पोटभर रडली आणि कुणी तिला अडवलं नाही.

पुढे सत्यशीला बारावी झाली, मास्तरीण झाली. तिच्या लग्नाला जीप आली. हो, जीप. तो विषय नको. आता रेंगीतून कुणी जात नाही. माझी चाकं मातीत गेली आहेत, एक आरा सुटला आहे.

पण परवाच्या सुटीत सत्यशीला आली, तेव्हा वस्तीतली एक पोरगी माझ्या आडोशाला बसून रडत होती. नववीत नापास झालेली, भागीरथा तिचं नाव. आता शाळेत जाणारच नाही म्हणत होती. सत्यशीलानं तिची समजूत घातली नाही. कोंबड्या हाकलल्या, साडीचा पदर खोचला आणि म्हणाली, "उठ. चाक धर. पयले मांगं घे."

दोघींनी जोर लावला. मित्रांनो, मी किती वर्षांनी हलले! आधी थोडी मागे आणि मग पुढे, मातीतून बाहेर. अशी करकरले की गिरजाबाई काठी टेकत बघायला आली. भागीरथा हसत होती.

तुमच्या घरी एखादी जुनी गाडी असेल तर तिला सरपणात घालू नका, थोडं वंगण द्या. आणि घरात एखादं पोर रुतलं असेल, तर मागून लोटू नका. खाली उतरा आणि त्याच्याबरोबर चाकाला हात लावा.