समुद्रात जन्मलेला पणजोबा

आमच्या सान्ता एदुविहेस गावात दर तिसऱ्या माणसाला दमा. रविवारी चर्चमध्ये सगळे गुडघे टेकून गप्प झाले की इतक्या छात्या एकदम सूं सूं करायच्या, की आमच्या पाद्रीबाबांनी बाजाची पेटी विकून त्या जागी दोन बाकं टाकली. बाहेरच्यांना हे खोटं वाटतं. डॉक्टरीणबाई विल्मा केसादांना वाटलं नाही. त्या तेच ऐकायला आल्या होत्या.

राजधानीच्या एका इस्पितळाकडून त्या गावोगाव फिरत होत्या. आमचं खोरं चारही बाजूंनी डोंगरांनी कोंडलेलं. चारशे वर्षांपूर्वी मूठभर घरं इथं येऊन राहिली आणि पुढे त्यांनी आपापसातच सोयरिकी केल्या. त्यामुळे दमा रक्तातून कसा खाली उतरतो ते इथं शोधणं सोपं, असं बाईंचं म्हणणं. समुद्रात पडलेली अंगठी कुणाला सापडायची नाही, डबक्यात पडली तर हात घालून बघता येतं. आमच्या खोऱ्याला कुणी डबकं म्हणालेलं आम्हाला खपत नाही, पण बाईंचं हसू छान होतं, म्हणून खपवून घेतलं.

त्यांना दम्याची मुलं हवी होती. निवडलेल्या मुलाची वर्षभर तपासणी, औषधं, न्यायला-आणायला गाडी. अट एकच. मुलाच्या आठ पणज्या-पणजोबांपैकी निदान सहा जण ह्याच खोऱ्यात जन्मलेले असले पाहिजेत.

माझा शेजारी एलादिओ चिंचिया ह्याची नात केयलिन अकरा वर्षांची. शाळेचा चढ चढताना ती तीन ठिकाणी बसायची, आणि ते तीन दगड आता तिच्याच नावाने ओळखले जातात. मागच्या ऑक्टोबरात तिचे ओठ निळे पडले. एलादिओने तिला दुधाच्या गाडीत कॅनांच्या मध्ये बसवून शहरात पोचवलं. तेव्हापासून म्हातारा तिच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून झोपतो. ही पोर त्या यादीत जावी, एवढंच त्याला ह्या जगात हवं होतं.

हिशेब मांडला. केयलिनच्या आईकडचे दोघं गुआनाकास्तेच्या सपाटीवरचे, गुरं राखणारे. ते बाद. आईकडचे उरलेले दोघं खोऱ्यातले. एलादिओची बायको एर्मिदा, तिचे आईबाप इथलेच. एलादिओची आईही इथलीच. झाले पाच. सहावा म्हणजे एलादिओचा बाप नासारियो.

आणि नासारियो समुद्रात जन्मला होता, हे तर गावातल्या कोंबड्यांनाही माहीत होतं. जहाजावर, वादळात, आणि पाळणा नव्हता म्हणून बाळाला कप्तान बापाच्या टोपीत ठेवलं. टोपीची भर एलादिओची. सुईण नव्हती म्हणून जहाजावरच्या पोपटाने ओरडून ओरडून सगळ्या सूचना दिल्या, ही भर माझी. साठ वर्षं आम्ही दोघांनी मिळून ते जहाज तरंगत ठेवलं होतं.

डॉक्टरीणबाई एलादिओच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. एर्मिदाने गुळाचं गरम पाणी आणि चीज घातलेल्या मक्याच्या तोर्तिया पुढे ठेवल्या होत्या. आम्ही पाच-सहा शेजारी दारात गर्दी करून होतो. बाईंनी कागदावर पेन टेकवून विचारलं, वडील कुठं जन्मले?

एलादिओ बायकोकडे बघेना, आमच्याकडेही बघेना. मग चुलीकडे बघून म्हणाला, "इथंच. नदीच्या उताराशी घर होतं. खेचरं हाकायचा. समुद्र त्याने कधी पाहिलाही नाही."

 मग आम्ही पोट धरून हसलो. गड्याने आजवर मारलेल्या थापांत ही सगळ्यांत अंगावर येणारी होती. आणि मी, त्याचा जुना मित्र, माणुसकी म्हणून मध्ये पडलो.

"डॉक्टरीणबाई, ह्याचं बोलणं मनावर घेऊ नका," मी म्हणालो. "नातीच्या मायेपायी म्हातारा बापाला खेचरवाला म्हणायला निघालाय. नासारियो कप्तानाचा पोरगा. सगळ्या गावाला विचारा."

गावाने सांगितलंच. दूधवाला म्हणाला, त्याच्या आजीने ती टोपी हातात धरली होती. चर्चच्या घंटावाल्याने तर शपथ घेतली की नासारियो चालताना डोलायचा, जहाजावरची माणसं डोलतात तसा. एलादिओ ओरडून सांगत होता की हे सगळं आपणच रचलं, आणि तो जितका ओरडला तितकं बाईंना वाटत गेलं की म्हातारा नातीसाठी खोटं बोलतोय. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कागद घडी करून ठेवला आणि सांगितलं की काही पुरावा असेल तर शनिवारपर्यंत आणा, मी शाळेत असेन.

आम्ही निघालो तेव्हा एलादिओ माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "मोंचो, लेका, तुझा पोपट मेला तर मी देवापुढे दिवा लावीन."

पुराव्याचं असं झालं. सरकारी दप्तरात नासारियोच्या जन्माची नोंद नव्हती, मृत्यूची होती. तिथं जन्मस्थानाच्या पुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, समुद्रात. एलादिओनेच लिहवून घेतलेलं, बापाला पुरून आला त्याच दुपारी. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीतली ती तीन वर्षं वाळवीने खाल्ली होती. आमच्याकडची वाळवी निवडून खाते. बाकीच्या वर्षांना तिने तोंडही लावलं नव्हतं.

चार दिवस एलादिओ घरोघर हिंडला. बापाला पोर असताना पाहिलेलं कुणीतरी त्याला हवं होतं. पण बाप जिवंत असता तर शंभरीला टेकला असता, आणि आमच्या गावात त्या वयाचं कोण उरतं? उरली होती ती एक लिब्रादा आजी. वय शहाण्णव, उजव्या कानाने ठार बहिरी, डावा कान भाचीच्या चुगल्या ऐकायला राखून ठेवलेला. एलादिओने त्या डाव्या कानात बापाचं नाव घेतलं.

"नासारियो?" आजी म्हणाली. "माझ्याबरोबर ज्याचा पाय कापला होता, तो?"

एलादिओचा चेहरा पडला. म्हातारीचं डोकं गेलं, असं त्याला वाटलं. मी अंगणात उभा होतो, मलाही तेच वाटलं. पण आजीने काठी आपटून आम्हाला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. पूर्वी दम्याच्या पोराला नदीकाठच्या मोठ्या उंबराला अनवाणी पाय लावून उभं करायचे. सुरीने पायाभोवती रेघ ओढायची आणि तेवढी साल काढून टाकायची. झाडाची जखम भरून आली की पोराची छाती बरी झाली. तिचे वडील सुतार. गावातल्या पोरांचे पाय तेच कापायचे. तिचा आणि नासारियोचा एकाच दिवशी कापला.

"हे आजवर का नाही सांगितलंस, आजी?" एलादिओने विचारलं.

"कुणी विचारलं? तुम्ही दोघं तिथं टोपी आणि पोपट घेऊन नाचत होता. मला पोपट आवडायचा."

शनिवारी आम्ही दोघांनी तिला खुर्चीसकट उचलून नदीवर नेलं. वजन कोंबडीएवढं, पण रस्ताभर इतकी बोलत होती की ते बोलणंच जड झालं. एलादिओ पुढे, मी मागे. माझ्या बाजूने खुर्ची वाकडी होते असं तिचं म्हणणं पडलं, म्हणून दोनदा आमच्या जागा बदलायला लावल्या. डॉक्टरीणबाई शाळेतून आल्या, केयलिनला हाताला धरून, आणि त्यांच्या मागे अख्खं गाव, कारण त्याच आठवड्यात आम्ही सगळ्यांनी शपथा घेतल्या होत्या आणि त्यांचं काय होतं ते बघायचं होतं.

त्या उंबराला सात माणसांचा वेढा लागतो. मी लहान होतो तेव्हा नऊ लागायचे, पण तेव्हा माणसं बारीक होती. आजीने भाचीला बुंध्यावरचं शेवाळ खरवडायला सांगितलं. खालून पाय निघायला लागले. इवलेसे पाय, बुंध्याभर, कमरेच्या खाली, सगळे वर चढत निघालेले. काहींच्या बाजूला अक्षरं. झाड वाढलं तशी ती ताणून लठ्ठ झालेली. सगळे वाकून बघायला लागले. आम्ही पोहायला जाताना ह्याच झाडाला कपडे अडकवायचो, पण शेवाळाखाली कुणी बघितलं नव्हतं.

आजीने काठीने एका वळावर टकटक केलं. "हा माझा. मिटला. दोन वर्षांत माझी छाती मोकळी झाली." मग शेजारी. "हा त्याचा."

तो मिटला नव्हता. बोटभर खोल, कडा जाड ओठांसारख्या वळलेल्या, आणि बाजूला न आणि च ही अक्षरं आणि खाली एकोणीसशे बाराचा आकडा. एलादिओने त्यात हात घातला. त्याचा पंजा मावला नाही. सहा वर्षांच्या पोराचं पाऊल ते.

डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी अगदी हळू विचारलं, "दमा त्यांना शेवटपर्यंत होता?"

एलादिओने त्या पावलाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "शेवटपर्यंत. शेजारच्या घरात ऐकू जायचा. शाळेत पोरं त्याची नक्कल करायची, माझ्यासमोर. सूं, सूं. मी सात वर्षांचा होतो. मी म्हटलं, तो दमा नाही, समुद्र आहे. माझा बाप जहाजावर जन्मला, म्हणून त्याच्या छातीत समुद्र वाजतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी जहाजाचं नाव विचारलं."

नक्कल करणाऱ्यांत मी होतो. जहाजाचं नाव विचारलं तेही मीच. ते त्याने तिथं सांगितलं नाही, म्हणून मी इथं सांगतो.

बाईंनी सांगितलं की सालीचा फोटो त्या काढतील, पण कागदाला जिवंत साक्ष लागते. तेव्हा लिब्रादा आजीने, नासारियो नदीच्या उताराशीच जन्मला असं सांगून, अंगठा दिला. टेबल नव्हतं, माझ्या पाठीचं केलं. मग मीही सही केली आणि गावासमोर पोपट मागे घेतला. दूधवाल्याने आजीची टोपी मागे घेतली. घंटावाला म्हणाला की नासारियो डोलायचा तो दम लागल्यामुळेही असेल. बाई मात्र झाडापासून हलेनात. फेऱ्या मारून अक्षरं उतरवून घेत होत्या आणि आपल्याशीच पुटपुटत होत्या, तीच तीच घराणी, तीन पिढ्या, इथं सगळं मांडून ठेवलंय. उंबराने कुणाची छाती बरी केली असं त्या मानत नव्हत्या. पण हे काम त्यांना कागदावर करायला दोन वर्षं लागली असती, हे त्यांनी कबूल केलं. एलादिओचं नाव लिहून घेताना त्यांनी विचारलं, पणजोबांचा धंदा?

"खेचरं," एलादिओ म्हणाला, जरा छाती काढून. "पण फार चांगली खेचरं."

मला एर्मिदाची काळजी होती. कप्तानाच्या घराण्यात पडले असं समजून तिने लग्न केलं होतं. परत येताना ती नवऱ्याच्या बरोबरीने चालत होती आणि चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. चढ संपल्यावर ती म्हणाली, "अहो, चाळीस वर्षं मी तुम्हाला चांगले बूट घेऊ दिले नाहीत."

"ते का?"

"खलाशाचं रक्त. कधी उठून चालू लागाल, नेम नाही. म्हटलं, बूट फाटके असले तर बंदरापर्यंत पोचणार नाहीत."

एलादिओ रस्त्यात उभा राहून हसला. हसता हसता त्यालाही थोडी धाप लागली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मागून ऐकून वहीत काहीतरी टिपलं.

केयलिनची तपासणी पुढच्या मंगळवारी शाळेत झाली. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि छातीतलं सगळं एका दमात बाहेर. पहिल्या खेपेला यंत्राच्या कागदावर रेघ उठली आणि लगेच आडवी पडली. मग बाईंनी औषधाचा फवारा दिला, पंधरा मिनिटं बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. ह्या खेपेला रेघ चढत गेली, चढत गेली. मी म्हणतो कागद संपून ती भिंतीवर गेली. बाई म्हणतात कागदावरच होती. पोरगी मान वर करून आजोबाला, तिच्या तीतोला, शोधत होती. "तीतो, बघितलंत?"

तीतोने बघितलं होतं. डोळे पुसायला त्याने माझा रुमाल घेतला तो अजून दिलेला नाही.

आता जून आहे. ती रोज सकाळी चढ चढते, दप्तर पाठीवर, तिन्ही दगड न बघता मागे टाकून. आजोबा तिला सोडायला जातो, म्हणजे तसं तो म्हणतो. मी माझ्या ओट्यावरून बघतो. पहिल्या दगडावर तो बसतो, दुसऱ्या दगडावर तो बसतो, आणि वरून पोरीचा आवाज येतो, "तीतो, या ना. घंटा होईल."