सोमवारचा हुकूम

माजी सैनिकांना साताऱ्याच्या दवाखान्यात पोचवायचं काम ठाण्याने माझ्या गळ्यात घातलं, तेव्हा मी चिडलोच. दवाखान्याने यादी पाठवायची, आणि आम्ही पोलिसांनी वस्त्या धुंडाळून म्हाताऱ्यांना जीपमध्ये घालायचं. म्हटलं, आता हेच राहिलं होतं!

यादीत पहिलं नाव वडूजजवळच्या वस्तीवरच्या सुभेदार नानासोंचं. पाय सुजलेले, दहा पावलांत धाप; पण दवाखाना म्हटलं की म्हातारा फणकारायचा, "मला काय धाड भरलीय?"

तीन हेलपाटे फुकट गेले. शेवटी त्यांच्या बायकोने, हरणाबाईने मला बाजूला घेतलं. "आवं साहेब, घरच्यांचं ह्यांनी कवाच ऐकलं न्हाई. वरनं हुकूम आला तरच हलत्यात."

मग काय, ठाण्यात बसून मी हुकूमच लिहिला. 'सुभेदार नानासो यांनी सोमवारी सकाळी नऊ वाजता साताऱ्याच्या दवाखान्यात जाण्यासाठी तयार राहावे.' खाली सही, शिक्का. शुक्रवारी नेऊन दिला. नानासोंनी तो ताठ उभं राहून वाचला आणि मला कडक सॅल्यूट ठोकला.

"तयार ऱ्हातो, साहेब."

परतताना मी स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होतो. खरं तर शनिवारीही नेता आलं असतं. पण शनिवारी लोणंदला भाचीचा साखरपुडा होता, म्हणून सोमवार.

सोमवारी नऊला पोचलो, तर अंगणात सगळी भावकी बसलेली. नानासो आदल्या दिवशीच गेले होते. दाराशी त्यांची भरलेली पिशवी तशीच होती, शेजारी पॉलिश केलेले बूट.

हरणाबाईने मला ओळखलं. "शनवारी सांजच्याला छातीत कळ आली. म्या म्हनलं, पोलिसास्नी फोन लावते, गाडी येईल. तर माज्यावरच वराडले. म्हनले, हुकूम सोमवारचा हाय, मनाला यील तवा जायाचं का?"

साखरपुड्याच्या जेवणावळीत मी त्याच वेळी जिलेबीचा आग्रह करत फिरत होतो.

तिने कनवटीला खोचलेली कागदाची घडी काढून माझ्या हातात दिली. माझाच कागद होता.

"जन्मात माजं न्हाई ऐकलं," ती डोळे पुसत म्हणाली, "पर तुमचं ऐकलं बगा."

ती टोमणा मारत नव्हती. मारला असता तर बरं झालं असतं.